परमनंट, वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरावी का?

खारघरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. पावसात सोसायटी ऑफिसच्या कपाटात पाणी झिरपलं, रॉयल ब्लूने लिहिलेल्या मिनिट्स बुकची बरीच पानं धुवून निघाली, आणि आता कमिटीतले सगळे सांगतायत की परमनंट वॉटरप्रूफ शाई आणा. त्यांच्याकडे एक एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरने भरायचं पेन आहे, एक जपानी गोल्ड निबचं आहे, रोजची डायरी पण ते शाईपेननेच लिहितात. ती महागडी शाई घेण्यात अर्थ आहे का, आणि तिने पेन बाद होतं का?

मी ठाण्यात नौपाड्यात पेनं दुरुस्त करते, निबा जुळवून देते, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या पेनांमध्ये पावसाळा संपला की एक ठरलेला प्रकार असतो, काळ्या शाईने गच्च बसलेलं पेन, आणि मालकाचं ठरलेलं वाक्य, "मॅडम, फक्त दोन महिने ड्रॉवरमध्ये होतं हो". त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरून चाला, कारण माझ्याकडे बिघडलेलीच पेनं येतात, चालणारी येत नाहीत. तरी मी स्वतः अशी शाई वापरते आणि सोडणार नाही.

उत्तर आधी सांगते. हे शाईपेक्षा तुमच्या सवयीवर जास्त अवलंबून आहे. रोज पान-दोन पानं लिहिणारा माणूस असेल तर बिनधास्त घ्या, काही होत नाही. महिन्यातून दोनदा सहीपुरतं टोपण उघडणारा असेल तर घेऊ नका. आणि गंमत बघा, परमनंट शाई हवी असं ज्यांना सगळ्यात जास्त वाटतं ते म्हणजे चेकवर, करारावर, रजिस्टरवर सह्या करणारे लोक, म्हणजे नेमके तेच ज्यांचं पेन बाकीचे दिवस पडून असतं. ज्याला गरज त्याच्याच पेनात ती सुकते, आणि जो रोज लिहितो त्याच्या पेनात वर्षानुवर्षं नीट चालते पण त्याच्या डायरीला तिची तशी गरज नसते.

आता बाटलीवर काय छापलंय त्याचा गोंधळ आधी काढून टाकू. कॅम्लिन, चेलपार्क, पार्कर क्विंक यांच्या बाटल्यांवर पूर्वीपासून परमनंट ब्लॅक, परमनंट ब्लू असं लिहिलेलं असतं आणि लोक ते वाचून निर्धास्त होतात. या साध्या डाय वाल्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाया आहेत. वॉशेबल ब्लूच्या मानाने त्या कमी उडतात, कपड्यावरून लवकर जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याखाली धरलं तर त्याही पळतात, थोड्या सावकाश पळतात इतकंच. वॉटरप्रूफ हवी असेल तर बाटलीवर पिगमेंट, कार्बन, डॉक्युमेंट, आर्काइव्हल, आयर्न गॉल किंवा रजिस्ट्रार्स यापैकी काहीतरी लिहिलेलं असायला हवं. काही अमेरिकन शाया बुलेटप्रूफ म्हणवतात, त्यांच्याकडे पुढे येते.

आणि एक शाई जी वॉटरप्रूफ आहे, स्वस्त आहे, गोखले रोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीत मिळते, पण फाउंटन पेनात कधीही, कधीही भरायची नाही. ती म्हणजे ड्रॉइंग इंक, आपल्याकडे शाळा-कॉलेजात इंडियन इंक म्हणतात ती. चित्रकलेच्या दुकानात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक म्हणून छोटी बाटली मिळते, तिच्यात लाख किंवा तसलाच चिकट पदार्थ असतो, सुकला की वॉर्निशसारखा बसतो आणि पाण्याने परत विरघळत नाही. बोरूला, टाकाला, ब्रशला ती उत्तम, कारण लिहून झालं की पुसून टाकता येतं. अॅक्रिलिक शाईचं तेच. ही भरलेलं पेन माझ्याकडे आलं की मी आधीच सांगते, निब वाचली तर वाचली, फीड, म्हणजे निबेखालचा शाई पुरवणारा भाग, बहुतेक गेलं.

फाउंटन पेनात चालणाऱ्या खरोखरच्या टिकाऊ शायांचे तीन प्रकार आहेत आणि तिघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिली पिगमेंट. यात रंग पाण्यात विरघळलेला नसतो, अतिबारीक कण पाण्यात तरंगत असतात, पाणी उडालं की कण कागदाच्या धाग्यांत अडकून बसतात. प्लॅटिनम कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो आणि निळसर सेइबोकू, दे आत्रामेंटिसच्या डॉक्युमेंट शाया, ही त्यातली नावाजलेली मंडळी. पाण्याला, उन्हाला, ब्लीचला कशालाच दाद देत नाहीत. काळ्या पिगमेंट शाईत साधारण कार्बन असतो, म्हणजे शेवटी काजळीच, आणि काजळीची शाई आपल्याकडे काही नवी नाही, मोडी कागदपत्रं काजळ आणि डिंकाच्या शाईने बोरूने लिहिलेली आजही काळीभोर दिसतात. पण बघा, त्या जुन्या शाईला उजेडाने काही होत नसलं तरी ओलं बोट लावलं तर ती सुटते, कारण डिंक पाण्यात विरघळतो. उजेडाला टिकणं आणि पाण्याला टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकत घेताना आपल्याला नेमकं कशापासून वाचायचंय ते आधी ठरवायला हवं.

दुसरी आयर्न गॉल. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते म्हणून जरा जास्त लिहिते. मायफळातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, या दोघांपासून ही बनते, मूळ कृती शेकडो वर्षं जुनी. बाटलीत असते तेव्हा लोह विरघळलेलं असतं, कागदावर उतरून हवा लागली की त्याचा गडद, पाण्यात न विरघळणारा क्षार बनतो आणि तो धाग्याला धरून बसतो. ताजं लिहिताना अक्षर दिसावं म्हणून त्यात निळा डाय घातलेला असतो. म्हणून सकाळी लिहिलेली ओळ निळी दिसते आणि दुसऱ्या दिवशी तीच ओळ काळपट राखाडी होते, आणि पहिल्यांदा वापरणारा माणूस मला फोटो पाठवून विचारतो की शाई खराब निघाली का. नाही हो, तिचं कामच ते आहे. डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक, रोहरर अँड क्लिंगनरच्या सॅलिक्स आणि स्काबिओसा, प्लॅटिनमची बाटलीतली ब्लू-ब्लॅक, या सगळ्या याच घराण्यातल्या. इंग्लंडात जन्म-मृत्यू-लग्नाची रजिस्टरं वर्षानुवर्षं याच प्रकारच्या शाईने लिहिली गेली, रजिस्ट्रार्स इंक हे नाव तिथलंच. आपल्याकडेही फेरो-गॅलो-टॅनेट फाउंटन पेन शाईसाठी भारतीय मानक आहे, आयएस २२०, म्हणजे एके काळी सरकारी दफ्तरात हा प्रकार रोजचा होता.

हिचं सगळ्यात मोठं सुख पाण्याचं नाहीच, कागदाचं आहे. आपली रजिस्टरं, लाँगबुकं, शाळेच्या वह्या, यांचा कागद कसा असतो ते सगळ्यांना माहितीये, आणि त्यात जुलैमध्ये हवेतला दमटपणा खाऊन तोच कागद टिपकागदासारखा प्यायला लागतो, अक्षराला केसं फुटतात, मागच्या पानावर उमटतं. आयर्न गॉल शाई मुळात कोरडी चालते, म्हणजे निबेतून बेताचीच उतरते, आणि अशा कागदावर इतकी स्वच्छ रेघ देते की ज्यांना वॉटरप्रूफपणाशी काही देणंघेणं नाही त्यांनाही मी फक्त यासाठी ती सुचवते. ऐरोली-कोपरखैरणेकडच्या ज्या कंपन्यांत अजून हाताने इनवर्ड रजिस्टर भरतात तिथल्या लोकांना ही शाई एकदा दिली की परत दुसरी मागत नाहीत.

वाईट बाजू म्हणजे ती आम्लधर्मी असते. गोल्ड निबला काही होत नाही. चांगल्या स्टीलच्या निबला आजच्या सौम्य शायांनी सहसा काही होत नाही. पण ज्या स्वस्त निबांवर पिवळं प्लेटिंग असतं तिथे काही महिन्यांत भोकापाशी आणि चिरेच्या कडेला प्लेटिंग उडून काळं पडतं. अशी निब फार महाग नसते, बदलून टाका, त्यात जीव अडकवू नका. जुन्या युरोपियन हस्तलिखितांचा कागद आयर्न गॉलने कुरतडला हे खरं आहे, पण त्या शायांत लोह आणि आम्ल आजच्या पेनच्या शाईपेक्षा फार जास्त असायचं.

तिसरी म्हणजे सेल्युलोजला चिकटणारी. वर म्हटलेल्या बुलेटप्रूफ शाया त्या याच, नूडलर्स ब्लॅक हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. हिच्यात कण नसतात, डायच असतो, पण तो कागदातल्या सेल्युलोजशी बांधला जातो आणि मग पाणी, ब्लीच, उजेड कशानेही सुटत नाही. पेनात पिगमेंटपेक्षा नरम वागते, सुकली तरी बऱ्याचदा पाण्याने निघते. पण हिची एक खोड आहे. कागद गुळगुळीत आणि चिकट कोटिंगचा असला तर वरच्या थराला धरायला सेल्युलोजच मिळत नाही, आणि तो थर आठवड्यानंतरही घामेजल्या बोटाने फासला जातो. म्हणजे शाई वॉटरप्रूफ, अक्षरं तशीच, पण पान काळवंडलेलं. मे महिन्यात ठाण्याच्या घामात ही खोड फार जाणवते.

आणि सेल्युलोज म्हणजे कॉटन पण, हे लक्षात घ्या. साध्या रॉयल ब्लूचा डाग शर्टवर पडला तर दोन धुण्यांत जातो. ही शाई सुती सदऱ्यावर सांडली तर तिच्या दृष्टीने तो कागदच आहे. पिगमेंटचंही फार वेगळं नाही. ज्यांना खिशात पेन घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये चढायचंय, गर्दीत टोपण ढिलं होण्याची शक्यता आहे, त्यांनी हा हिशोब आधी करावा. ड्रॉपरने भरायच्या पेनाची तर अजून एक भानगड, पेन अर्धं रिकामं झालं की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेतून थेंब ढकलते, एसी ऑफिसमधून बाहेर उन्हात आलं की जास्तच. रॉयल ब्लूचा थेंब माफ करता येतो.

आता घरी करून बघायची चाचणी सांगते, कारण बाटलीवरच्या शब्दांपेक्षा तुमच्याच कागदावर काय होतं ते महत्त्वाचं. ज्या रजिस्टरमध्ये लिहायचंय त्याच्याच शेवटच्या पानाची एक उभी पट्टी कापा. तीन शायांनी एकेक ओळ लिहा, रॉयल ब्लू पण त्यात असू द्या, तुलनेला. एक अख्खा दिवस सुकू द्या, घाई करू नका, आयर्न गॉलला तेवढा वेळ लागतोच आणि पिगमेंटला दमट हवेत लागतो. मग पट्टी ताटलीत आडवी ठेवून वरून नळाची बारीक धार सोडा. रॉयल ब्लू पहिल्या काही सेकंदांतच निळ्या धुरासारखी उठते आणि खाली वाहते, मिनिटभराने तिथे ओळ होती हे फक्त निबेने दाबलेल्या कागदावरून कळतं. आयर्न गॉलमधून पण निळं निघतं आणि बघणारा घाबरतो, पण तो फक्त वरचा डाय असतो, तो गेला की खाली राखाडी अक्षर जसंच्या तसं, उलट जास्त टोकदार दिसतं. पिगमेंट हलत नाही. आता तीच ओली पट्टी बोटाने जरा चोळा. इथे खरी परीक्षा होते, कारण पुराच्या पाण्यात वही नुसती भिजत नाही, पानं एकमेकांवर घासतात. चांगल्या शोषणाऱ्या कागदावर पिगमेंट चोळूनही राहते, गुळगुळीत कागदावर थोडं काळं बोटाला येतं. दुसरी एक पट्टी खिडकीत उन्हाला लावा, अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा, आणि महिनाभर विसरून जा. बऱ्याच लोकांना हे बघून धक्का बसतो की ज्या सुंदर जांभळ्या-गुलाबी शायांवर आपण पैसे घालतो त्या पाण्याच्या आधी उन्हानेच जातात.

सव्वीस जुलै २००५ आठवतो ना, तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसांची, दुकानांची काय अवस्था झाली होती. त्या वेळी ज्या वह्या हातात आल्या त्यात एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसत होती. शाईपेनाने लिहिलेलं गेलं आणि साध्या बॉलपेनने लिहिलेलं राहिलं. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याला ती सहज दाद देत नाही. हे मी पेनवाली असून सांगतेय म्हणजे बघा. त्यामुळे नुसतं पाणी हीच भीती असेल आणि शाईपेनाचा हट्ट नसेल तर सोसायटीच्या आय रजिस्टरला, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीला, चांगला बॉलपेन पुरे, डॉक्युमेंटसाठीच्या बॉलपेनला आयएसओ १२७५७-२ नावाचं स्टँडर्ड सुद्धा आहे. आणि महिन्याला दोन सह्या करणाऱ्यांनी पिगमेंट शाईचा जेल पेन घ्यावा, युनिबॉल सिग्नोसारखा. सुकला तर फेकून दुसरा. फाउंटन पेनची शान त्यात नाही, मान्य, पण दर दोन महिन्यांनी माझ्याकडे यायची कटकट पण नाही.

चेकचं बोलायचं तर परमनंट शाईच्या जाहिरातीत चेक धुवून रक्कम बदलणारे भामटे हमखास असतात. धोका खोटा नाही, डाय वाली शाई ब्लीचने जाते, बॉलपेनची सॉल्व्हंटने जाते, अगदी आयर्न गॉल सुद्धा ऑक्झॅलिक अॅसिडने निघते, याबाबतीत पिगमेंट आणि सेल्युलोजवाल्याच काय त्या भक्कम. पण आता चेकची स्कॅन केलेली इमेज फिरते, खाडाखोड चालत नाही, तारखेच्या व्हॅलिडेशनचा अपवाद सोडला तर, आणि १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार आणि वरच्या चेकला पॉझिटिव्ह पे आलंय, म्हणजे तुम्ही चेकचा तपशील बँकेला आधीच कळवता आणि बँक तो ताडून बघते. मोठ्या रकमेला ते करा. शाईचं कुंपण त्यानंतर. फक्त रेघ गडद ठेवा, फिकट शाई स्कॅनमध्ये नीट येत नाही. आणि काळ्या शाईने चेक लिहायला रिझर्व्ह बँकेने बंदी घातली हा जो मेसेज फिरतो तो खोटा आहे.

पेन कुठलं, यावर मी जरा कडक आहे. पिगमेंट शाईचं खरं भांडण निबेशी नसतं, टोपणाशी असतं. टोपण हवाबंद असेल तर शाई महिनाभरही ओली राहते, नसेल तर आठवड्यात फीडच्या खाचांत सुकते. प्लॅटिनमच्या पेनांत टोपणाच्या आत स्प्रिंगवरची वेगळी झाकणी असते, स्लिप अँड सील म्हणतात, त्यांच्या स्वस्तातल्या प्रेपीत सुद्धा आहे, आणि पिगमेंटसाठी मी डोळे झाकून तेच पेन सांगते. सगळं सुटं होतं, निब-फीड ओढून काढता येतं, बिघडलं तर रडायला येत नाही. ज्यांचं टोपण नुसतं खटकन बसतं आणि आतून हवा जाते, किंवा जी पेनं उघडताच येत नाहीत, झाकलेल्या निबेची, जुनी रबरी पिशवीची, पार्कर ५१ सारखी आत लांबच लांब कलेक्टर, म्हणजे जास्तीची शाई धरणारा खाचांचा भाग, असलेली, त्यांत पिगमेंट नको म्हणजे नको. महागड्या पारदर्शक पेनात पण नको, आतून काळपट छटा राहते ती कायमची.

आपली एबोनाइटची हातघडणीची पेनं, रत्नम, रंगा वगैरे, यांचं एबोनाइट फीड रुंद खाचेचं असतं, ब्रशने घासून साफ करता येतं, त्यामुळे त्यात आयर्न गॉल मजेत चालते. पिगमेंटही चालेल, पण ड्रॉपरच्या पेनात शाई खूप मावते, कमी लिहिणाऱ्याची ती महिनोन्महिने संपत नाही, वर वर नवीन ओतत राहतात आणि तळाचं जुनं घट्ट होत जातं. अर्धंच भरा आणि संपल्याशिवाय पुन्हा भरू नका, हा माझा सरळ नियम आहे.

गच्च बसलेलं पेन आतून कसं दिसतं ते एकदा बघाल तर परत आळस करणार नाही. निब काढली की तिच्या पोटाला, फीडच्या मधोमध जी बारीक चीर असते, आम्ही लहानपणी फीडला जीभ म्हणायचो, त्या जिभेच्या चिरेत काळी पातळ साय धरलेली असते. पाण्यात टाकलं तर पाणी आधी राखाडी होतं आणि मग ती साय चकत्या-चकत्यांनी सुटून तळाशी बसते. फीडच्या कडेच्या कंगव्यासारख्या खाचांत जी अडकलीय ती मात्र नुसत्या पाण्याने येत नाही, मऊ टूथब्रश लागतो, आणि निबेच्या चिरेतून पितळेची अगदी पातळ पट्टी अलगद फिरवावी लागते. जोर लावला की टाइन, म्हणजे चिरेच्या दोन बाजूंची निबेची पाती, वाकतात.

साफसफाई शाईप्रमाणे वेगळी आहे आणि इथे लोक चुकतात. पिगमेंटला गार पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, कान धुवायचा रबरी बल्ब असतो त्याने सेक्शनमधून, म्हणजे पेन धरतो त्या पुढच्या भागातून, पाणी मारायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. फार चिवट असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया, थोडा वेळ, आणि मग परत भरपूर पाणी. आयर्न गॉलला मात्र उलटं. तिला आधी अमोनिया लावलात तर लोह आतल्या आत साका होऊन बसतं. आधी साधं पाणी, मग व्हिटॅमिन सीची साधी गोळी विरघळवलेलं पाणी, रात्रभर नाही, तास-दोन तास, मग परत साधं पाणी. ती रंग नसलेली गोळी घ्या, केशरी रंगाची चघळायची नको. सॅनिटायझर, स्पिरिट पेनाला लावू नका, प्लॅस्टिक तडकतं. गरम पाणी एबोनाइटला लावू नका, काळा रंग हिरवट-तपकिरी होतो. आणि दोन शाया एका पेनात कधीच मिसळू नका, विशेषतः आयर्न गॉलवर दुसरी कुठलीही. शाई बदलताना मध्ये पेन पूर्ण धुतलंच पाहिजे.

धुवायचं कधी? पिगमेंटचं पेन रोज लिहीत असाल तर तीन-चार भरण्यांनंतर एकदा. गावाला जाताय, गणपतीला दहा दिवस, तर जायच्या आधी रिकामं करून धुवून ठेवा. मजा म्हणजे आपल्या पावसाळ्यात पेनं उलट कमी सुकतात, हवाच इतकी ओली असते, खरा सुकवणारा शत्रू ऑफिसचा एसी आहे. टोपण काढून फोनवर बोलत बसायची सवय असेल तर ती आधी सोडा.

बाटलीचंही थोडं. निब थेट बाटलीत बुडवू नका, दमट दिवसांत बुरशी तिथूनच शिरते, लागेल तेवढी छोट्या कुपीत काढून घ्या. आयर्न गॉलची बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, वर्षांनी तळाशी साका दिसायला लागला की हलवून वापरायची नाही, टाकून द्यायची. पिगमेंटच्या बाटलीत गुठळ्या दिसल्या तरी तेच. या शाया चार आकडी किमतीच्या असतात, टाकताना जीव जातो, पण नवीन फीड आणि मजुरी मिळून तेवढेच होतात.

आता तुमचं, सेक्रेटरी साहेब. मिनिट्स बुक महिन्यातून एकदा-दोनदा लिहिलं जातं, म्हणजे त्यासाठी वेगळं पेन पिगमेंटने भरून कपाटात ठेवू नका, पुढच्या मीटिंगला ते चालणार नाही आणि सभेत सगळ्यांसमोर झटकत बसाल. त्याऐवजी डायरी आणि मिनिट्स एकाच पेनने लिहा, म्हणजे पेन रोज चालेल आणि शाई सुकायला वाव राहणार नाही. त्यासाठी तुमचं एबोनाइटचं पेन घ्या, त्यात आयर्न गॉल, अर्धंच भरलेलं, स्टीलची निब असेल तर अधूनमधून भोकापाशी बघत जा. सोसायटीच्या रजिस्टरच्या कागदावर ती पिगमेंटपेक्षा जास्त स्वच्छ उठेल असा माझा अंदाज आहे, तरी वर सांगितलेली पट्टी आधी करून बघा. अगदी काळंभोरच हवं असेल तर प्रेपी आणि कार्बन ब्लॅक, आणि ते पेन फक्त त्या शाईचं, आयुष्यभर. गोल्ड निबच्या जपानी पेनात आयर्न गॉलने निबेला काही होणार नाही, पिगमेंट मात्र त्यात भरू नका, उगाच कशाला, त्यात छान रंगाची साधी शाई घाला आणि पत्रं लिहा. ज्यांच्या सह्या लागतात त्यांना तुमच्या पेनने सही करायला लावू नका, बॉलपेन द्या, दुसऱ्याच्या हाताचा दाब निबेला मानवत नाही आणि शाईचा हट्ट प्रत्येकाला समजावत बसावा लागतो.

भिजलेली पानं राहिली. पुसू नका, चोळू नका. जितकं दिसतंय त्याचे आधी फोटो काढा, ओलं असतानाच, कारण सुकताना उरलेला निळा रंग अजून पसरतो. मग पानांच्या मध्ये टिपकागद किंवा साधा कोरा न्यूजप्रिंट घालून पंख्याखाली आडवं सुकवा, टिपकागद बदलत राहा, इस्त्री फिरवू नका. एकदम सगळं सुकवायला वेळ नसेल तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवता येते, ग्रंथालयवाले भिजलेल्या पुस्तकांसाठी हेच करतात, बुरशी थांबते आणि पानं सावकाश एकेक काढून सुकवता येतात. पूर्ण गेलेल्या ओळींवर तिरका टॉर्च मारून फोटो काढलात तर निबेने पडलेल्या खुणांवरून बरंच वाचता येतं, खास करून जिथे कोणी दाबून लिहिलंय. ते ठराव नवीन पानावर उतरवून पुढच्या सभेत वाचून मंजूर करून घ्या आणि खाली मूळ पान भिजल्याची नोंद करा, या वेळी वेगळ्या शाईने.